शिवडीची गोळी आणि अँटॉप हिलचा कागद

रानजाई | ८ जून, रात्री १०:४०

गेल्या रविवारी शेजारीण पेढे घेऊन आली. मुलगी पास झाली असेल म्हणून विचारलं, तर म्हणाली, "परीक्षेचे नाहीत गं, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला." एमडीआर टीबी होता पोरीला, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. सहा महिने गोळ्या घेतल्या, सुई एकही नाही. बाईसाहेब आता जीन्स घट्ट होते म्हणून कुरकुरतायत.

माझ्या धाकट्या भावाला हेच दुखणं २०१४ मध्ये झालं होतं. तेव्हा कानामायसिनची सुई, रविवार सोडून रोज, सात महिने. बसायला जागा राहिली नव्हती, पालथा झोपायचा. चौथ्या महिन्यात म्हणाला, कानात रातकिडे किरकिरतात. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. नंतर तो टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, हळू कर म्हणून. टीबी गेला, पण त्याबरोबर दोन्ही कान गेले.

कुणावर राग काढायला हा धागा नाही. इतकी वर्षं मी मनाची समजूत घातली होती की तेव्हा औषधच ते होतं. पेढे खाल्ल्यावर त्या रात्री वाचत बसले. शेजारच्या मुलीला दिलेल्या बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्येच परवानगी मिळाली होती. म्हणजे भावाच्या पहिल्या सुईच्या दीड वर्ष आधी औषध जगात होतं! भारतात सरकारी कार्यक्रमात ते आलं मार्च २०१६ मध्ये, पाच शहरांतल्या सहा केंद्रांत, तेही कंपनीने दान दिलेले ६०० कोर्स. देशात औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे पेशंट दरवर्षी लाखाच्या वर. लाखात सहाशे.

पुढे वाचलं ते आणखी नवलाचं. बेडाक्विलिनच्या मूळ रेणूचं पेटंट १८ जुलै २०२३ ला संपणार होतं. कंपनीने (जॉन्सन अँड जॉन्सन) त्याच रेणूच्या एका क्षाराच्या, म्हणजे थोड्या वेगळ्या रासायनिक रूपाच्या, गोळीसाठी आणखी एक पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी डिसेंबर २०२७ पर्यंत. त्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन तरुण मुलींनी हरकत घेतली. एक मुंबईची पत्रकार आणि भरतनाट्यम करणारी नंदिता व्यंकटेशन, दुसरी केपटाऊनजवळच्या खायेलित्शाची फुमेझा टिसिले. दोघींचा टीबी बरा झालेला, दोघींचे कान सुयांनी गेलेले. महाराष्ट्रातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या नेटवर्कनेही हरकत नोंदवली होती. २३ मार्च २०२३ ला मुंबईच्या पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज फेटाळला.

हे ऑफिस आहे अँटॉप हिलला. आमच्या शिवडीच्या टीबी हॉस्पिटलपासून ट्रॅफिक नसेल तर टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. त्या इमारतीवरून मी शंभरदा गेले असेन. मला वाटायचं, तिथे फक्त साबण-मसाल्यांच्या ट्रेडमार्कचं काम चालतं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा: पेशंटला अशी हरकत घेता येते कशी? आणि औषध स्वस्त झालं म्हणजे पोचलं का?

---

खटपट्या | ८ जून, रात्री ११:०५

धाग्याबद्दल धन्यवाद. आमच्या आजीच्या तोंडी "त्याला मिरजेला (टीबीच्या सॅनेटोरियममध्ये) ठेवलंय" एवढंच असायचं, पुढे कुणी विचारायचं नाही. मग वडिलांच्या वेळी एकेटीच्या, म्हणजे टीबीवरच्या नेहमीच्या औषधांच्या, गोळ्या आल्या. हे बेडाक्विलिन त्याच्या पुढचं का? अज्ञानाबद्दल क्षमस्व.

---

रानजाई | ८ जून, रात्री ११:२०

क्षमा कसली, मलाही आठवड्यापूर्वी माहीत नव्हतं. एकेटीतलं मुख्य औषध रिफाम्पिसिन, ते साठच्या दशकातलं. जंतू त्याला आणि आयसोनायझिड या दुसऱ्या मुख्य औषधाला सरावला की एमडीआर. बेडाक्विलिन जंतूच्या ऊर्जा तयार करण्याच्या यंत्रणेवरच घाव घालतं, म्हणजे घराची वीज तोडल्यासारखं. टीबीसाठी नव्या जातीचं औषध चाळीसेक वर्षांनी आलं ते हेच.

---

चष्मिष्ट | ९ जून, सकाळी ८:१०

लेख भावला, पण एक मूलभूत शंका. टीबीचं औषध सरकार फुकट देतं. रानजाईंच्या भावाला सुया फुकट, शेजारणीच्या मुलीला गोळ्या फुकट. मग गोळीवर पेटंट असो वा नसो, पेशंटच्या खिशाला काय फरक पडतो? पेटंटवाल्या कंपनीला शिव्या द्यायची फॅशन आहे म्हणून आपणही देतोय का? हलके घ्या.

---

छातीचा_डॉक्टर | ९ जून, दुपारी २:३५

ओपीडी उरकून लिहितोय, त्रुटी पोटात घाला.

चष्मिष्ट, फरक खिशाला पडत नाही, रांगेला पडतो. बेडाक्विलिन आलं तेव्हा सहा महिन्यांच्या कोर्सचे तीन भाव होते. श्रीमंत देशांना ३०,००० डॉलर, मधल्यांना ३,०००, गरिबांना ९००. मधल्या गटातल्या देशाच्या टीबी अधिकाऱ्याने लाख पेशंट समोर ठेवून हिशेब केला तर कागद तिथेच मिटतो. मग दान घ्यायचं, आणि दान मोजूनच मिळतं. मोजून मिळालेलं औषध मोजूनच वाटावं लागतं. "तुम्ही बसत नाही निकषात" हे वाक्य मी स्वतः पेशंटच्या तोंडावर बोललोय. औषध फुकटच होतं की!

पाटण्याची अठरा वर्षांची मुलगी आठवत असेल. दिल्लीच्या केंद्राने ती तिथली रहिवासी नाही म्हणून बेडाक्विलिन नाकारलं. वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले, जानेवारी २०१७ मध्ये तडजोड होऊन औषध मिळालं, मुंबईत उपचार झाले. तोवर फुप्फुसं पार गेलेली. २०१८ मध्ये ती गेली. फुकट औषधासाठी रहिवासाचा दाखला!

आता कंपनीच्या बाजूनेही थोडं, नाहीतर एकतर्फी होईल. २०१६ चा हात आखडता होता तो फक्त भावामुळे नाही. सुरुवातीच्या चाचणीत बेडाक्विलिन घेतलेल्या ७९ जणांपैकी १० दगावले, न घेतलेल्या ८१ पैकी २. मृत्यू औषधाने झाले असं सिद्ध झालं नाही, पण अमेरिकेने ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. हृदयाच्या ठोक्याच्या तालावर परिणाम होतो, म्हणून ईसीजी काढत राहावं लागतं. शिवाय धास्ती होती की हे शेवटचं हत्यार, वाटेल तसं वाटलं तर जंतू यालाही सरावेल. मुंबईत २०११-१२ मध्ये डॉ. झरीर उडवाडियांनी कुठल्याच औषधाला न जुमानणारे पेशंट जगासमोर मांडले होते, ती भीती ताजी होती. त्या काळजीत तथ्य होतं. पण काळजी आणि टंचाई एकाच टेबलावर बसल्या की कुणाच्या नावावर "थांबा" लिहिलं जातंय ते कळत नाही.

आता चित्र बरंच बदललंय. सप्टेंबर २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांच्या सहा महिन्यांच्या कोर्सला परवानगी दिली. शेजारणीच्या मुलीला बहुधा हाच मिळाला असणार. पूर्वी अठरा-वीस महिने लागायचे.

---

न्यूजर्सीचा_नाना | ९ जून, रात्री ९:५०

मी औषध कंपनीत काम करतो (धाग्यातली ती नव्हे), तेव्हा माझं मत कुठून येतंय ते आधीच सांगून टाकतो.

चाळीस वर्षं टीबीसाठी नवं औषध का आलं नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाहीये. टीबी गरिबांचा रोग, बाजार नाही, म्हणून सगळ्यांनी पाठ फिरवली. एका कंपनीने हात घातला, आणि ते औषध चाललं की लगेच "तुमचं पेटंट नको". दहा रेणूंतले नऊ वाटेत मरतात, त्यांचा खर्च कोण भरतं? पुढच्या वेळी टीबीला कुणी हात लावेल का?

आणि "त्याच रेणूचा क्षार" ऐकायला लबाडीचं वाटतं. क्षार बदलला की गोळी टिकते किती, विरघळते कशी, शरीरात शोषली किती जाते, सगळं बदलतं. यात माणसांची वर्षं जातात.

---

वकिलीण | १० जून, सकाळी ७:४५

रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पेटंट कायद्याच्या कलम २५(१) मध्ये शब्द आहेत "कोणतीही व्यक्ती". पेटंट मंजूर व्हायच्या आधी कुणीही हरकत घेऊ शकतं. धंद्यातला प्रतिस्पर्धी असायला नको, शास्त्रज्ञ असायला नको, भारतीय असायलाही नको. म्हणूनच फुमेझा दक्षिण आफ्रिकेची असून चाललं.

दुसरी किल्ली कलम ३(ड). आपल्याकडे १९७० च्या कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंटच नव्हतं, फक्त करण्याच्या पद्धतीवर होतं. त्यावरच आपला जेनेरिकचा धंदा उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ पासून पदार्थावर पेटंट द्यावं लागलं. ते देताना संसदेने पाचर मारून ठेवली: माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप असेल, मग तो क्षार असो की स्फटिक, तर परिणामकारकता वाढल्याचं दाखवा, नाहीतर तो तोच पदार्थ समजला जाईल.

याचा मोठा निकाल १ एप्रिल २०१३ चा. रक्ताच्या कर्करोगावरचं ग्लिव्हेक, कंपनी नोव्हार्टिस. महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास खर्च, जेनेरिक आठ-दहा हजारांत. कंपनी म्हणाली, आमच्या नव्या स्फटिकाची गोळी जास्त शोषली जाते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातली परिणामकारकता, नुसतं जास्त शोषलं जाणं पुरेसं नाही.

तेव्हा नाना, क्षारावर तुमच्या लोकांनी कष्ट घेतले हे मान्य. लोणच्याची बरणी बदलायलाही कष्ट पडतात, चिनी मातीची आणली तर लोणचं जास्त टिकतंही. पण त्यावर लोणच्याचा आणखी साडेचार वर्षांचा मक्ता मागू नये.

एक गालबोट. मार्च २०२४ मध्ये पेटंटचे नियम बदलले. हरकत घेणाऱ्याला आता फी आहे, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी कंट्रोलर (पेटंट ऑफिसचा निर्णय देणारा अधिकारी) ठरवणार. "कोणतीही व्यक्ती" हे शब्द कायद्यात तसेच आहेत, फक्त दारात एक शिपाई बसवलाय.

---

चष्मिष्ट | १० जून, सकाळी ९:३०

डॉक्टर, "रांगेला फरक पडतो" हे पटलं. माझा प्रश्न मागे.

वकिलीणबाई, सक्तीचा परवाना म्हणून एक प्रकार असतो ना? मग पेटंट असलं तरी सरकार दुसऱ्याला बनवायला सांगू शकतं. हरकती घेत बसण्यापेक्षा ते का नाही?

---

वकिलीण | १० जून, दुपारी १:१५

असतो, आणि तोही मुंबईतूनच निघाला होता. ९ मार्च २०१२. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं नेक्सावर, कंपनी बायर, महिन्याला २ लाख ८० हजार. हैदराबादच्या नॅटकोला ८,८८० रुपयांत विकायच्या अटीवर परवाना दिला, बायरला विक्रीवर ६ टक्के, अपिलात ते ७ झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही हात घालायला नकार दिला.

त्यानंतर तसा परवाना देशात पुन्हा दिला गेलेला नाही. कायदा आहे, कोर्टाचा शिक्का आहे, पण वापर एकदाच. अमेरिका दरवर्षी व्यापाराच्या अहवालात आपल्याला डोळे वटारते, हे त्याचं निदान एक कारण. ज्या हत्याराला सरकारची सही लागते ते म्यानात राहतं. ज्याला "कोणतीही व्यक्ती" पुरते ते चालतं. म्हणून तर मला दारातल्या शिपायाची चिंता.

---

जोबर्गकर | १० जून, रात्री ११:५५

बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो. फुमेझाचं नाव दिसलं आणि राहवलं नाही. जोहान्सबर्गला चौदा वर्षं आहे, बायको सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट.

फुमेझाला २०१० मध्ये टीबी झाला, कॉलेजात असताना. वीस हजाराच्या आसपास गोळ्या खाल्ल्या, २०१३ मध्ये बरी झाली, मध्ये एका सकाळी उठली तर ऐकू येईना. इथे तिला लोक ओळखतात.

आता यातली गंमत बघा (गंमत कसली म्हणा). फुमेझा मुंबईत जिंकली, पण तिच्या स्वतःच्या देशात तेच क्षाराचं पेटंट २०२७ पर्यंत चालू राहिलं. कारण दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा अर्ज तपासतच नाहीत. फॉर्म नीट भरला, फी भरली की पेटंट मिळालं. वाहनाची नोंदणी करतात तसं. चुकीचं वाटत असेल तर नंतर कोर्टात जा आणि रद्द करून घ्या, वकिलाची फी तुमची. कलम ३(ड) नाही, "कोणतीही व्यक्ती" नाही.

परिणाम काय झाला? २०२३ च्या जुलैत जगभर ओरड झाली, कंपनीने टीबीची औषधं अनेक देशांसाठी एकत्र घेणाऱ्या जागतिक औषध पुरवठा यंत्रणेशी करार केला, ऑगस्टमध्ये गरीब देशांसाठी सहा महिन्यांच्या कोर्सचा भाव १३० डॉलरवर आला. मुंबईच्याच ल्युपिन आणि मॅक्लिऑड्स जेनेरिक घेऊन मैदानात होत्या. त्याच सुमाराला आमचं सरकार त्या यंत्रणेतून न घेता स्वतः टेंडर काढून घेत होतं, भाव ५,५७७ रँड, म्हणजे २८० डॉलरच्या वर. दुप्पट! तेही अशा देशात, ज्याने जगाला बेडाक्विलिन वापरून दाखवलं. जून २०१८ मध्ये सुया बंद करून सगळ्यांना गोळ्या द्यायचं पहिल्यांदा ठरवलं ते दक्षिण आफ्रिकेने, जागतिक आरोग्य संघटना मागून आली.

सप्टेंबर २०२३ मध्ये इथल्या स्पर्धा आयोगाने कंपनीची चौकशी लावली. त्याच महिन्याच्या अखेरीला कंपनीने जाहीर केलं की १३४ गरीब आणि मध्यम देशांत पेटंट बजावणार नाही. २०२४ मध्ये आयोगाशी मिटवताना भाव चाळीसेक टक्क्यांनी उतरवला. पण इतक्या सगळ्यासाठी चौकशी लागली. मुंबईत एक हरकत पुरली.

अवांतर: इथल्या जुन्या लोकांना सिप्ला हे नाव अजून आठवतं. २००१ मध्ये एड्सच्या औषधांना माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागायचे, तेव्हा युसूफ हमीदांनी ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. ३९ कंपन्यांनी प्रिटोरियात सरकारवर भरलेला खटला त्याच वर्षी एप्रिलमध्ये मागे घेतला. बायकोच्या दवाखान्यातली एक जुनी सिस्टर मला अजून "मुंबई" म्हणून हाक मारते, आणि ती कौतुकाने मारते असं मी समजतो.

---

खटपट्या | ११ जून, सकाळी ७:२०

जोबर्गकर, प्रतिसाद वाचून थक्क. म्हणजे आपल्याकडे अर्ज "तपासतात" ही एवढी मोठी गोष्ट आहे हे आज कळलं. सरकारी ऑफिसात माझे कागद तपासले की मी नेहमी वैतागतो.

---

न्यूजर्सीचा_नाना | ११ जून, संध्याकाळी ६:४०

वकिलीणबाई, बरणीचा टोला बसला. पण मूळ प्रश्न तिथेच आहे: पुढचं औषध कोण शोधणार?

---

छातीचा_डॉक्टर | ११ जून, रात्री १०:१०

नाना, तुमचा प्रश्न खरा आहे, उत्तर मात्र तुम्ही समजता ते नाही. बेडाक्विलिनच्या विकासात सार्वजनिक पैशाचा हिशेब अभ्यासकांनी मांडलाय, आणि तो कंपनीच्या खर्चापेक्षा जास्त निघाला. चाचण्यांना सरकारी निधी, करात सवलत, दान दिलेल्या औषधावरही करात सवलत. शिवाय दुर्लक्षित रोगावर औषध काढल्याबद्दल अमेरिकेने कंपनीला "आमची पुढची फाइल लवकर बघा" असं कूपन दिलं. ते कूपन कंपनीने सोरायसिसच्या महागड्या औषधासाठी वापरलं. म्हणजे टीबीवर मिळालेलं बक्षीस पेटंटच्या वेगळं, आणि ते आधीच वटवून झालंय.

प्रेटोमॅनिडचंही बघा. ते टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने तयार करून आणलं, सरकारांच्या आणि देणगीदारांच्या पैशावर. बाजार नाही तिथे पेटंटच्या आमिषाने कुणी येत नाही, हे तुम्हीच वर लिहिलंय की.

---

न्यूजर्सीचा_नाना | १२ जून, पहाटे ४:३०

कूपनचा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. तरी पेटंटशिवाय चालेल असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या पेटंटचा हट्ट मात्र आमच्या धंद्याचं नाव खराब करतो, हे कॅन्टीनमध्ये मीही बोलतो.

---

गल्लीतला_केमिस्ट | १२ जून, दुपारी ४:००

चर्चा फार उंचावर गेलीय, जरा खाली उतरवतो.

बेडाक्विलिन माझ्या दुकानात मिळत नाही, मिळणारही नाही, ते सरकारी केंद्रातूनच. ते योग्यच आहे, नाहीतर लोकांनी अर्धा कोर्स घेऊन बाटली कपाटात ठेवली असती. पण कोर्समध्ये ही एकटी गोळी नसते. २०२३ आणि २०२४ मध्ये लोक माझ्याकडे चिठ्ठ्या घेऊन यायचे: सायक्लोसेरिन आहे का, लिनेझोलिड आहे का, केंद्रावर संपलंय म्हणतात. मार्च २०२४ मध्ये तर साध्या टीबीच्या गोळ्यांचीही बोंब झाली आणि केंद्र सरकारने राज्यांना स्थानिक बाजारातून घ्या असं कळवलं. स्थानिक बाजार म्हणजे आम्हीच, आणि घाऊकवाल्याकडेही माल नव्हता. सरकार स्वतःच सगळं खरेदी करतं म्हणून खासगी बाजारासाठी बनवणारेच कमी, मग सरकारी टेंडर अडकलं की दुसरी वाटच नाही.

यातल्या एकाही गोळीवर पेटंट नाही, कोर्टकचेरी नाही, भाव चिल्लर. तरी मिळेना. त्याला कुणी हरकत घ्यायची आणि कुठल्या कलमाखाली?

एक रिक्षावाला तीन आठवडे रोज संध्याकाळी विचारायला यायचा. चौथ्या आठवड्यात आला नाही. औषध मिळालं म्हणून की आणखी कशाने, मला माहीत नाही.

---

पाड्यावरची_आशा | १३ जून, रात्री ९:२५

मी सातपुड्यात आशा म्हणून काम करते, मोबाइलवर लिहिते, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बेडाक्विलिनच्या बाटलीत १८८ गोळ्या असतात. पहिले दोन आठवडे रोज चार, मग आठवड्यात तीन दिवस दोन-दोन. मोठी माणसं हे वार विसरतात, म्हणून मी भिंतीवर कोळशाने खुणा करून देते. गोळी जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर नीट लागत नाही. हे सांगते तेव्हा बाया माझ्याकडे बघतात. सकाळी भाकरी नसेल तर गोळी कशासोबत घ्यायची? खाण्यासाठी निक्षय योजनेचे महिन्याला पाचशे मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले, चांगलं झालं. पण ते खात्यात येतात आणि बँक बाजाराच्या गावाला.

डॉक्टरसाहेबांनी ईसीजी लिहिलं. आमच्याकडून ईसीजीला जायचं म्हणजे पहाटेची जीप, दिवसाची मजुरी गेली, सोबत एक माणूस, त्याचीही मजुरी गेली. औषध खरंच फुकट आहे. माझा एक पेशंट चौथ्या महिन्यात उसाच्या टोळीबरोबर निघून गेला, बाटली घेऊन. मी मुकादमाचा नंबर काढला आणि फोनवरून गोळ्या मोजून घ्यायचे. पूर्ण केला त्याने कोर्स.

---

छातीचा_डॉक्टर | १३ जून, रात्री १०:००

ताई, फोनवरून गोळ्या मोजून घेणं! नमस्कार घ्या. खाण्याबद्दल तुम्ही म्हणता त्याला भक्कम पुरावा आहे. झारखंडात टीबी पेशंटच्या घरच्यांना शिधा देऊन बघितला, २०२३ मध्ये निकाल छापून आले. घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलं. तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल, बस.

---

रानजाई | १४ जून, दुपारी १२:३०

सगळ्यांचे आभार. मी धागा काढला तेव्हा डोक्यात सरळ हिशेब होता: पेटंट गेलं, औषध स्वस्त झालं, शेजारणीची पोर वाचली. केमिस्टदादा आणि आशाताईंनी तो मोडला. पण डॉक्टरांचं "रांगेला फरक पडतो" हेही डोक्यातून जात नाही.

काल मुद्दाम अँटॉप हिलला उतरले. इमारतीबाहेर चहावाला आहे. त्याला विचारलं, इथे औषधांचे निकाल लागतात माहीत आहे का? म्हणाला, "ताई, इथे नुसत्या फायली येतात." दोन कटिंग प्यायले आणि परत आले.

भावाला लिंक पाठवलीय. वाचतो का बघू.

---

रातकिडा (नवीन सदस्य) | १४ जून, रात्री ११:४५

ताई, वाचलं. दोन दुरुस्त्या.

एक, सुया १८२. मी कॅलेंडरवर फुल्या मारायचो, ते कॅलेंडर अजून माझ्याकडे आहे.

दोन, कानात किरकिर सुरू झाल्याचं मी तुला चौथ्या महिन्यात सांगितलं, पण सुरू झाली होती तिसऱ्यात. सांगितलं नाही, कारण सुई बंद करतील आणि कोर्स परत पहिल्यापासून घ्यावा लागेल असं बाजूच्या खाटेवरचे काका म्हणाले होते. कान तपासायला तेव्हा कुणी पाठवलं नाही आणि आपल्यालाही सुचलं नाही. तू टीव्हीवरून ओरडलीस ते सोड आता. ऐकूच येत नव्हतं मला.

जोबर्गकर, फुमेझाच्या कानात मशीन बसवल्याचं मी वाचलंय, त्यासाठी लोकांनी पैसे जमवले होते. तुमच्या मिसेसना विचाराल का, मशीन बसवल्यावर शब्द कळायला किती दिवस लागतात? इथे दोघांना विचारलं, दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

आणि ताई, पेढे उरले असतील तर ठेव. रविवारी येतो. निघताना मेसेज करतो, फोन करू नकोस.